राजधानी तिथेच का? संघराज्याचा नकाशा अभ्यासण्याची माझी पद्धत

'अ' गटात राज्यं, 'ब' गटात राजधान्या, जोड्या लावा. भूगोलाच्या परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि परीक्षा संपली की उत्तरं पुसली जातात. मी बरीच वर्षं भूगोल शिकवते आहे आणि संघराज्याचा नकाशा असा घोकून घेण्याला माझा ठाम विरोध आहे. मुलांची स्मरणशक्ती चांगलीच असते. पण जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याची राजधानी म्युनिक आणि हेसे राज्याची वीसबाडेन ही दोन्ही उत्तरं त्यांना एकसारखी वाटतात, कारण दुसरं उत्तर चमत्कारिक आहे हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. हेसेत फ्रँकफर्टसारखं मोठं शहर असताना राजधानी वीसबाडेनला कशी, हे एकदा मनात आलं की ते नाव विसरणं अवघड होतं.

म्हणून माझी सगळी पद्धत एकाच प्रश्नाभोवती फिरते: राजधानी तिथेच का? संघराज्य कुठलंही घ्या, हा प्रश्न नेटानं विचारत गेलं की सीमा कुणी आखल्या, तडजोड कुणात झाली, कुठलं शहर कुणाच्या हातून गेलं, हे सगळं त्या एका ठिपक्यातून बाहेर येतं.

साहित्य फार लागत नाही. देशाचा कोरा नकाशा घ्या, म्हणजे राज्यांच्या सीमा आहेत पण नावं नाहीत असा. सोबत बटर पेपरचे चार-पाच कागद, शिसपेन्सिल, दोन रंगीत पेन्सिली आणि एक चांगला नकाशासंग्रह. संदर्भासाठी पडद्यावरचा नकाशा चालेल, पण नकाशा भरायचा तो हातानंच. सीमारेषा स्वतः गिरवताना जिथे हात अडखळतो, तिथेच बहुतेक वेळा काहीतरी घडून गेलेलं असतं.

आधी मोजा, पण सगळे तुकडे सारखे धरू नका

पहिलं काम मोजणीचं. देशात घटक किती, आणि त्यांतले बरोबरीचे किती? कॅनडात १० प्रांत आणि ३ प्रदेश आहेत. प्रांतांना अधिकार थेट राज्यघटनेतून मिळतात, तर प्रदेशांना केंद्राच्या कायद्यातून. मलेशियात १३ राज्यं आणि ३ संघीय प्रदेश, भारतात २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश, ब्राझीलमध्ये २६ राज्यं आणि एक संघीय जिल्हा. जर्मनीत मात्र सगळी १६ आणि ऑस्ट्रियात सगळी ९ बरोबरीची आहेत. स्वित्झर्लंडच्या २६ कँटनांपैकी (कँटन म्हणजे तिथलं घटक राज्य) सहांना संसदेच्या वरच्या सभागृहात दोनऐवजी एकच जागा मिळते, कारण ती जुन्या तीन कँटनांची अर्धुकं आहेत. बासेल १८३३ मध्ये शहर आणि ग्रामीण भाग असं फुटलं, तेव्हापासून ग्रामीण बासेलची राजधानी लिस्टाल.

बरोबरीच्या घटकांना एक रंग आणि केंद्राच्या हाताखालच्यांना दुसरा रंग द्या. हा दुसरा रंग मागाहून भरू म्हणून सोडू नका, कारण पुढची निम्मी कोडी त्याच्यामुळेच सुटतात.

याच वेळी सीमा बदलण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हेही नकाशाच्या कडेला लिहून ठेवा. अमेरिकेत एखाद्या राज्याचा तुकडा पाडून नवं राज्य करायचं तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. भारतात अनुच्छेद ३ नुसार संसद साध्या कायद्यानं सीमा बदलू शकते. राज्याच्या विधानमंडळाचं मत मागवावं लागतं, पण ते मानण्याचं बंधन नसतं. दोन्ही देशांना आपण संघराज्यच म्हणतो. पण एकाच्या पोटातल्या रेषा दशकानुदशकं जशाच्या तशा आहेत आणि दुसऱ्याचा नकाशा १९५६, १९६०, १९६६, २०००, २०१४ असा बदलत गेला, याचं निम्मं उत्तर या एका तरतुदीत आहे.

देशाची राजधानी कुणाच्या जमिनीवर आहे?

आता देशाच्या राजधानीवर बोट ठेवा आणि विचारा, ही जमीन कुणाची? उत्तरं मुख्यतः तीन प्रकारची मिळतात.

पहिल्या प्रकारात राजधानीसाठी जमीन वेगळी काढलेली असते आणि ती कुठल्याच राज्याची नसते. वॉशिंग्टन, कॅनबेरा, ब्राझिलिया, अबुजा ही त्याची उदाहरणं. कॅनबेराची गोष्ट मी नेहमी सांगते, कारण ती थेट राज्यघटनेतच लिहिलेली आहे. सिडनी आणि मेलबर्न एकमेकांना मान देईनात. मग कलम १२५ मध्ये ठरलं की राजधानी न्यू साउथ वेल्समध्येच होईल, पण सिडनीपासून किमान १०० मैल दूर, आणि तोवर संसद मेलबर्नला भरेल. १९०१ मध्ये संघराज्य झालं, संसद कॅनबेराला पोचली ती १९२७ मध्ये. नकाशावर सिडनीभोवती कंपासनं १०० मैलांचं वर्तुळ काढा. कॅनबेरा त्याच्या बाहेर पडतं आणि तडजोड डोळ्यांना दिसते.

दुसऱ्या प्रकारात राजधानी स्वतःच एक पूर्ण घटक राज्य असते, जसं बर्लिन किंवा व्हिएन्ना. तिसऱ्यात ती एखाद्या राज्यातलं साधं शहर असते. ओटावा ओंटारियो प्रांतात आहे, पण ओंटारियोची राजधानी टोरंटो. काठमांडू बागमती प्रांतात आहे, पण बागमतीची राजधानी हेटौडा. बर्न हे शहर देशाच्या कारभाराचं ठिकाण आहे आणि बर्न कँटनची राजधानीही आहे.

पहिल्या दोन प्रकारांत आसपासच्या राज्याच्या पोटात एक छिद्र पडतं. इथे घाई करू नका, कारण हे छिद्र ज्या राज्यात पडलं, त्याच्या राजधानीचं पुढे काय झालं हा फार बोलका प्रश्न आहे. अर्जेंटिनात १८८० मध्ये ब्वेनोस आयरेस शहर केंद्राच्या ताब्यात गेलं. त्याच नावाचा, देशातला सर्वात मोठा प्रांत स्वतःच्या मुख्य शहराला मुकला. मग १८८२ मध्ये ला प्लाता हे नवं कोरं शहर वसवलं गेलं आणि आजही प्रांताचा कारभार तिथूनच चालतो. मलेशियात क्वालालंपूर हे सेलांगोर राज्याचं शहर होतं. १९७४ मध्ये ते संघीय प्रदेश झालं आणि १९७८ पासून सेलांगोरची राजधानी शाह आलम आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्ना १९२२ मध्ये वेगळं राज्य झालं, तरी त्याच्याभोवतीच्या लोअर ऑस्ट्रिया राज्याचा कारभार तिथूनच, म्हणजे स्वतःच्या हद्दीबाहेरच्या शहरातून चालत राहिला. सेंट पोल्टेनला राजधानीचा मान १९८६ मध्ये मिळाला आणि सरकार प्रत्यक्ष तिकडे हललं ते आणखी दहा वर्षांनंतर.

इथिओपियात हाच प्रश्न अजून दुखरा आहे. ओरोमिया राज्यानं अदिस अबाबाला चारही बाजूंनी वेढलेलं आहे आणि राज्याची राजधानीही तेच शहर आहे. २००० मध्ये राज्याचा कारभार अदामाला हलवला गेला. त्यावर मोठा असंतोष उसळला आणि २००५ मध्ये तो परत अदिस अबाबाला आला. शहर राज्याच्या हद्दीत नाही, पण हक्क कुणी सोडलेला नाही. नकाशात हे दाखवायला मी मुलांना तुटक रेषेचा बाण काढायला सांगते, राज्याच्या अंगावरून छिद्राच्या आत जाणारा.

बटर पेपरवर जुना नकाशा

माझ्या पद्धतीतला हा सर्वात वेळखाऊ भाग आहे, आणि सर्वात आवडताही. आजच्या नकाशावर बटर पेपर ठेवून जुन्या सीमा वर्षावार गिरवायच्या. यासाठी मी बहुतेक वेळा नायजेरिया निवडते, कारण तिथे एकाच पिढीच्या हयातीत ३ प्रदेशांची ३६ राज्यं झाली.

पहिला कागद १९६० चा, स्वातंत्र्याच्या वर्षाचा. त्यावर तीनच तुकडे: उत्तर, पश्चिम आणि पूर्व. राजधान्या अनुक्रमे कादुना, इबादान आणि एनुगू. उत्तरेत हौसा-फुलानींचं, पश्चिमेत योरूबांचं आणि पूर्वेत इग्बोंचं प्राबल्य. एकटा उत्तर प्रदेश बाकी दोघांच्या बेरजेहून मोठा होता. तिन्ही प्रदेशांतले लहान समाज आपल्याच प्रदेशातल्या मोठ्या समाजाला वचकून होते. हे असं फार काळ टिकणार नाही, हे कागदाकडे नुसतं पाहिलं तरी कळतं. १९६३ मध्ये पश्चिमेतून मध्य-पश्चिम वेगळा झाला, राजधानी बेनिन सिटी.

दुसरा कागद १९६७ चा. २७ मे रोजी लष्करी सरकारनं प्रदेश मोडून १२ राज्यं जाहीर केली आणि ३० मे रोजी पूर्वेनं बियाफ्रा नावानं वेगळं होण्याची घोषणा केली. आता फक्त पूर्वेचे तीन तुकडे बघा: एनुगूचं पूर्व-मध्य राज्य, पोर्ट हारकोर्टचं रिव्हर्स आणि कालाबारचं आग्नेय राज्य. समुद्रकिनारा सगळा शेवटच्या दोघांकडे गेला आणि इग्बोबहुल पूर्व-मध्य राज्य चारही बाजूंनी जमिनीनं वेढलं गेलं. युद्धाच्या तोंडावर आखलेल्या या सीमेनं लहान समाजांना त्यांची राज्यं दिली आणि फुटू पाहणाऱ्या प्रदेशाची बंदरंही तोडली. युद्ध जानेवारी १९७० पर्यंत चाललं. वर्गात इथे मी थोडा वेळ काहीच बोलत नाही, मुलांना रेषा बघू देते.

मग पुढचे कागद: १९७६ मध्ये १९ राज्यं, १९८७ मध्ये २१, १९९१ मध्ये ३० आणि १९९६ मध्ये ३६. सगळ्या देशाचे सगळे कागद काढत बसू नका, एवढ्यानं उत्साह संपतो. एकच प्रदेश धरा आणि त्याचा माग शेवटपर्यंत काढा. पूर्वेचं असं झालं: पूर्व-मध्य राज्याचे १९७६ मध्ये अनाम्ब्रा आणि इमो असे दोन भाग झाले, राजधान्या एनुगू आणि ओवेरी. १९९१ मध्ये अनाम्ब्रातून एनुगू हे राज्य निघालं. एनुगू शहर नव्या राज्याकडे गेलं आणि उरलेल्या अनाम्ब्राला आवका ही नवी राजधानी मिळाली. इमोतून आबिया निघालं, राजधानी उमुआहिया. १९९६ मध्ये एनुगू आणि आबिया या दोघांचे भाग घेऊन एबोनी झालं, राजधानी अबाकालिकी. किनाऱ्याकडे आग्नेय राज्याचं नाव क्रॉस रिव्हर झालं, त्यातून १९८७ मध्ये आक्वा इबोम आलं आणि त्याची राजधानी उयो. रिव्हर्समधून १९९६ मध्ये बायेल्सा आलं आणि त्याची राजधानी येनागोआ. १९६० च्या एका प्रदेशाची अशी आज नऊ राज्यं आहेत.

सगळे कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले की एनुगूचा ठिपका प्रत्येक कागदावर त्याच जागी असतो. ते आधी पूर्व प्रदेशाची, मग पूर्व-मध्य राज्याची, मग जुन्या अनाम्ब्राची आणि आता एनुगू राज्याची राजधानी. शहर हललं नाही, त्याच्याभोवतीचं राज्य आक्रसत गेलं. आता कादुना आणि इबादान यांच्यावर हाच प्रयोग स्वतः करून बघा. तिथेही असंच दिसेल.

इतकी राज्यं का मागितली गेली, हेही समजून घ्यायला हवं. आपल्या समाजाला ओळख मिळावी ही मागणी खरी होतीच. पण राज्य मिळालं की राजधानी मिळते, आणि राजधानीसोबत विधानसभा, सचिवालय, रस्ते, नोकऱ्या येतात. शिवाय नायजेरियात तेलाच्या उत्पन्नातून केंद्राकडे जमा होणाऱ्या पैशाचा काही हिस्सा राज्यांना समसमान वाटला जातो. राज्य लहान असलं तरी त्या हिश्शात ते मोठ्याच्या बरोबरीला बसतं. हे कळलं की येनागोआ किंवा अबाकालिकी ही नुसती पाठ करायची नावं उरत नाहीत. एखाद्या समाजाची वर्षानुवर्षांची मागणी त्या ठिपक्यात पुरी झालेली असते.

दोन ठिपके

आता आजच्या नकाशाकडे परत या. प्रत्येक राज्यात दोन ठिपके काढा: एका रंगानं राजधानी, दुसऱ्या रंगानं सर्वात मोठं शहर. दोन्ही एकाच जागी पडले तर पुढे चला. वेगळे पडले तर थांबून कारण शोधा. ऑस्ट्रेलियाच्या सहाही राज्यांत दोन्ही ठिपके एकत्र आणि सगळे समुद्राकाठी पडतात, कारण ती सहा राज्यं मुळात सहा वेगळ्या वसाहती होत्या आणि प्रत्येक वसाहत आपापल्या बंदरातून वाढली. अमेरिकेत उलटं होतं. न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी, इलिनॉयची स्प्रिंगफील्ड, पेनसिल्व्हेनियाची हॅरिसबर्ग. बहुसंख्य राज्यांत ठिपके वेगळे पडतात.

कारणांचे काही ठरावीक नमुने आहेत. सर्वात सोपा म्हणजे मधलं ठिकाण. फ्लोरिडात पूर्वेला सेंट ऑगस्टीन आणि पश्चिमेला पेन्साकोला अशी दोन जुनी सत्तास्थानं होती, त्यांच्या साधारण मध्यावर म्हणून १८२४ मध्ये टॅलाहासी निवडलं गेलं. नवं राज्य, नवं शहर हा दुसरा नमुना. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेनं गोयासचा उत्तर भाग वेगळा करून तोकांतिन्स राज्य केलं आणि त्याच्यासाठी १९८९ मध्ये पाल्मास शहराची पायाभरणी झाली. कधी लोकच निवड करतात. कॅनडाचा नुनावुत प्रदेश १९९९ मध्ये अस्तित्वात आला, पण त्याची राजधानी इकालुइत असेल हे १९९५ च्या मतदानात ठरलं होतं, दुसरा पर्याय होता रँकिन इनलेट. कधी जुन्या राजघराण्याचं गाव मोठ्या व्यापारी शहरावर मात करतं. जर्मनीत १९९० मध्ये मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्नची राजधानी म्हणून मोठ्या रोस्टॉक बंदराऐवजी ड्यूकांचं जुनं श्वेरीन निवडलं गेलं.

आणि कधी सीमाच शहर हिरावून नेते. ऑस्ट्रियाचं बुर्गनलांड बघा. मधोमध त्याची कंबर इतकी बारीक आहे की रेषा गिरवताना पेन्सिल दुसऱ्या बाजूला लागते. ती कंबर ज्यामुळे झाली, ते सोप्रोन शहर या भागाचं स्वाभाविक केंद्र होतं. १९२१ मध्ये हा पट्टा हंगेरीकडून ऑस्ट्रियाला मिळाला, पण सोप्रोनमध्ये मतदान झालं आणि शहर हंगेरीत राहिलं. मग आयझेनश्टाट या लहान गावाला राजधानी व्हावं लागलं.

आता सुरुवातीचा वीसबाडेनचा प्रश्न. ऱ्हाइन नदीच्या एका काठावर वीसबाडेन, समोरच्या काठावर माइन्झ, आणि दोन्ही दोन वेगळ्या राज्यांच्या राजधान्या. जर्मनीच्या नकाशावर इतक्या जवळ दोन ठिपके पाहिले की कुणालाही नवल वाटायला हवं. १९४५ मध्ये महायुद्ध संपल्यावर इथे नदी ही अमेरिकी आणि फ्रेंच ताब्यातल्या भागांची हद्द झाली. अमेरिकी बाजूला हेसे तयार झालं. फ्रँकफर्टचा मधला भाग बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेला होता, वीसबाडेनचं नुकसान तुलनेनं कमी होतं, आणि अमेरिकी प्रशासनानं सरकार तिथे बसवलं. फ्रेंच बाजूला १९४६ मध्ये ऱ्हाइनलांड-पॅलाटिनेट झालं. सुरुवातीची काही वर्षं त्याचा कारभार कोब्लेन्झहून चालला, मग माइन्झला आला. मात्र माइन्झ शहराची काही उपनगरं नदीच्या पलीकडे, उजव्या काठावर होती. ती अमेरिकी भागात गेली आणि त्यांतली काही वीसबाडेनला जोडली गेली. त्यांतलं एक माइन्झ-कास्टेल आजही वीसबाडेनचा भाग आहे आणि आजही नावात माइन्झ लावतं. ताबा ठेवणारी सैन्यं गेली, पण त्यांच्या सोयीसाठी ओढलेली रेष राज्याची सीमा होऊन राहिली. संघराज्यांच्या आतल्या रेषा अशा किती ठिकाणी कुठल्याशा तात्पुरत्या व्यवस्थेतून आल्या आहेत, याचा विचार करायला लावणारं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

राजधानीत नेमकं काय काय आहे?

हा टप्पा लहान आहे, पण गाळू नका. राजधानीचा मान काही वेळा वाटून दिलेला असतो. राजस्थानचं सरकार जयपूरला आणि उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ जोधपूरला. मध्य प्रदेशात भोपाळ आणि जबलपूर, छत्तीसगडमध्ये रायपूर आणि बिलासपूर, ओडिशात भुवनेश्वर आणि कटक, केरळात तिरुवनंतपुरम आणि कोची. ज्या शहराला राजधानी मिळाली नाही, त्याला न्यायालय मिळालं, असं यांतल्या बऱ्याच जोड्यांत दिसतं. देशाच्या पातळीवरही तेच. जर्मनीचं घटनात्मक न्यायालय कार्ल्सरूहेला आहे, स्वित्झर्लंडचं सर्वोच्च न्यायालय लोझानला. नकाशात राजधानीसाठी ठिपका आणि न्यायालयासाठी चौकोन काढा. चंदीगडला तर एका ठिपक्यात दोन राज्यं लिहावी लागतात. १९६६ पासून ते पंजाब आणि हरियाणा दोघांची राजधानी आहे आणि स्वतः दोघांपैकी कुणाचंच नाही, केंद्रशासित आहे.

नावं फसवतात, तेवढं सांभाळा. नायजेरियाच्या ओयो राज्याची राजधानी ओयो नाही, इबादान आहे. लागोस राज्याची इकेजा आहे. मेक्सिको सिटी ही मेक्सिको नावाच्या राज्यात मोडत नाही, त्या राज्याची राजधानी तोलुका. संयुक्त अरब अमिरातींत मात्र सातही अमिरातींची नावं त्यांच्या मुख्य शहरांचीच आहेत, त्यामुळे तो नकाशा काही मिनिटांत भरून होतो.

ज्या नकाशाची शाई अजून ओली आहे

जमलं तर एखादं संघराज्य घडताना बघा. त्यासाठी नेपाळ उत्तम. २०१५ च्या राज्यघटनेनं ७ प्रांत केले, पण ते नुसत्या क्रमांकांनी. नाव आणि राजधानी ठरवण्याचं काम प्रांतांच्या सभांवर सोपवलं. जनकपूर, हेटौडा, पोखरा, वीरेंद्रनगर ही नावं एकेक करत पक्की झाली. लुंबिनी प्रांतानं बुटवलऐवजी देउखुरीची निवड केली. प्रांत क्रमांक १ ला कोशी हे नाव मिळालं ते २०२३ मध्ये, राजधानी विराटनगर. या प्रत्येक निर्णयावर सभागृहात आणि रस्त्यावर वाद झाले. संघराज्यात नकाशा ही चर्चा करून ठरवायची गोष्ट आहे, हे मुलांना तिथे ताजं ताजं दिसतं.

जुनी संघराज्यंही स्थिर नसतात. स्वित्झर्लंडमध्ये बर्न कँटनमधून १९७९ मध्ये जुरा वेगळा झाला, राजधानी डेलेमाँ. मूतिए हे गाव तेव्हा बर्नकडेच राहिलं. २०२१ मध्ये त्यानं मतदान करून जुराकडे जायचं ठरवलं आणि १ जानेवारी २०२६ ला ते गेलं. म्हणून नकाशासंग्रह कुठल्या वर्षी छापलेला आहे, हे पहिल्या पानावर बघायची सवय लावा आणि स्वतः भरलेल्या नकाशावरही वर्ष घाला.

कुठल्या देशापासून सुरुवात?

ऑस्ट्रिया घ्या. नऊच राज्यं आहेत आणि छिद्र, हिरावलेलं शहर, उशिरा मिळालेली राजधानी, असं सगळं त्यात सापडतं. फोरार्लबर्गमध्ये दोन ठिपके काढायला विसरू नका: राजधानी ब्रेगेंझ, मोठं शहर डॉर्नबिर्न. मग जर्मनी, मग नायजेरियाचा एखादा प्रदेश. त्यानंतर ब्राझील किंवा भारत, कारण तिथे घटक पुष्कळ आणि कारणंही नाना तऱ्हेची. नकाशा भरून झाला की आठवडाभरानं कोऱ्या कागदावर आठवणीनं काढा. नावं राहून गेली तर चालतील, पण कुठल्या राज्यात दोन ठिपके आहेत आणि का, हे आठवायलाच हवं. जिथे कारण आठवणार नाही, तेवढंच राज्य पुन्हा वाचा.

बेल्जियम शेवटी ठेवा, कारण तो एका कागदावर मावत नाही. तिथे घटकांचे दोन संच आहेत आणि ते एकमेकांवर चढलेले आहेत. पहिल्या कागदावर तीन प्रदेश काढा: फ्लँडर्स, वालोनिया आणि ब्रसेल्स-राजधानी. दुसऱ्या कागदावर भाषेनुसार तीन समुदाय: फ्लेमिश, फ्रेंच आणि जर्मनभाषक. ब्रसेल्स दोन भाषांचं, म्हणून दुसऱ्या कागदावर तिथे दोन्ही रंगांच्या तिरक्या रेघा मारा. जर्मनभाषक समुदायाची संसद ऑयपेनला भरते आणि ऑयपेन मात्र वालोनिया प्रदेशात आहे, ज्याची राजधानी नामूर. फ्लँडर्सनं आपली राजधानी ब्रसेल्समध्ये ठेवली, जे त्याच्या प्रदेशानं वेढलेलं आहे पण त्याच्या प्रदेशात नाही. दोन्ही कागद एकावर एक ठेवा आणि ब्रसेल्सच्या ठिपक्याशेजारी तो कुणाकुणाची राजधानी आहे ते लिहा. देश, ब्रसेल्सचा स्वतःचा प्रदेश, फ्लँडर्स आणि फ्रेंच समुदाय अशी चार नावं झाली पाहिजेत. तीनच झाली असतील तर दुसरा कागद पुन्हा तपासा.